सायॉन सिरीज ५ ला आतूनच चार्जिंग

१९९७ चा हा खिशातला संगणक दोन एए सेलवर चालतो. सेल सारखे काढघाल करायचे नसतील तर आतच साधं चार्जिंग बसवता येतं. पण हाताशी असलेला टीपी४०५६ हा चार्जर बोर्ड लावू नका. तो लिथियम सेलचा, ४.२ व्होल्टला थांबणारा. इथे घालायचे पुन्हा चार्ज होणारे निकेलचे दोन सेल तिथवर पोचतच नाहीत, म्हणून तो थांबत नाही आणि सेल तापतात. एलएम३१७ हा व्होल्टेज रेग्युलेटर सुद्धा नको. त्याला आणि त्याच्या रेझिस्टरला मिळून तीनेक व्होल्ट लागतात, यूएसबीच्या ५ मधून उरतात जेमतेम २, आणि सेलला हवेत २.९.

सामान थोडंच आहे: १८ ओहम १ वॉटचा रेझिस्टर, १एन५८१९ डायोड, ३.६ व्होल्टचा १ वॉट झेनर (व्होल्टेज त्याच्या वर जाऊ न देणारा डायोड), अर्धा अँपिअरचा पॉलीफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज), टाइप-सी सॉकेट, २००० एमएएचचे दोन निकेल-मेटल हायड्राइड सेल. सांगली-मिरजेत टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे सॉकेट सोडून बाकी बहुतेक सगळं मिळून जाईल. नुसतं सॉकेट घेतलं तर त्याच्या सीसी१ आणि सीसी२ या पिनांपासून जमिनीकडे (म्हणजे ऋण बाजूकडे) ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावा. नाहीतर दोन्हीकडून टाइप-सी असलेल्या केबलने काहीच मिळत नाही, आणि माणूस सोल्डर तपासत बसतो.

उघडण्याआधी सगळा डेटा सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्डावर घ्या आणि बॅकअपचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल ताजा आहे ना बघा. एए सेल काढल्यावर मेमरी त्याच्यावरच टिकते. स्क्रीनकडच्या बिजागरीला हात लावू नका. त्यातली रिबन केबल या यंत्राचं जुनं दुखणं आहे.

जोडणीचा क्रम: ५ व्होल्ट, पॉलीफ्यूज, १८ ओहम, मग डायोड, डायोडची पट्टी सेलच्या धनाकडे. झेनर रेझिस्टर आणि डायोडच्या मधल्या बिंदूपासून जमिनीला, पट्टी बिंदूकडे. झेनरची जागा चुकवू नका. केबल लावलेली असताना कुणी सेल काढले तर झेनरशिवाय साडेचार व्होल्टच्या वर थेट संगणकाच्या बोर्डाला जातात. आणि तोच झेनर डायोडच्या पलीकडे, सेलला समांतर लावला, तर कमी व्होल्टचे झेनर गळके असल्यामुळे सेल हळूहळू रिकामे होतात.

बोर्डावर धन-ऋण शोधायला सेल घालून मीटर लावा. पूर्ण जोडीचे सुमारे २.६ व्होल्ट दिसले पाहिजेत, १.३ दिसले तर तो दोन सेलमधला जोड आहे, तिथे तार नको. सॉकेटचं भोक कानशीने हळू वाढवा, तारा कॅप्टॉन टेपखाली (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशन टेपखाली) दाबा.

पहिल्या वेळी डायोड आणि सेलच्या मध्ये मीटर लावून करंट बघा. ८० ते ११० मिलीअँपिअर आला की ठीक. शून्य आला तर डायोड उलटा असणार. हे चार्जिंग सावकाश आहे, रिकामे सेल भरायला तीसेक तास लागतात. पण मध्ये विसरलात तरी सेल जळत नाहीत. तरी दोन दिवसांच्या वर केबल ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो तेव्हा रात्री लावा, तापलेला सेल नीट भरत नाही.

शेवटी सेलच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवा: 'साधे अल्कलाइन सेल घालू नयेत.' चार्ज झाले तर ते गळतात, कधी फुटतात, आणि आतले संपर्क खाऊन टाकतात.