शहीद जवानांसाठी चर्चमध्ये स्मरणप्रार्थना ठेवायचीय? मग हे वाचा

सगळ्यात आधी घरच्यांना विचारा. नाव घेतलेलं चालेल का, फोटो ठेवायचा का, पुढे बसायचंय की मागे, हे त्यांनी ठरवायचं. नावाचा उच्चार त्यांच्याकडूनच ऐकून घ्या आणि वाचणाऱ्याकडून आधी मोठ्याने म्हणून घ्या, कारण आईच्या कानावर लेकाचं नाव चुकीचं पडलं की तिच्यासाठी उपासना तिथंच संपली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या युद्ध कबरस्तानांत अधिकारी असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा लावला, मला ते फार पटतं, आणि ज्यांची ओळखच पटली नाही त्यांच्या दगडावर कोरलं की हा देवाला ठाऊक आहे. तर अशांसाठीही प्रार्थनेत एक ओळ ठेवाच.

वचन म्हणून बहुतेक जण योहान 15:13 घेतात, मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही ते. घ्या, पण जपून. येशू वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री हे बोलला, ते आधी त्याच्या स्वतःच्या मरणाबद्दल आहे. जवानाच्या बलिदानाने त्या प्रीतीची आठवण होते हे खरंच, पण तारण ख्रिस्ताकडूनच, देशासाठी मेला म्हणजे स्वर्ग पक्का असं पाळकांनी सांगू नये. मी तर 2 शमुवेल 1 वाचायला सांगेन. शौल राजा दाविदाच्या जिवावर उठला होता तरी तो आणि त्याचा मुलगा योनाथान लढाईत पडल्यावर दावीद दोघांसाठी रडला, आणि त्या विलापगीतात उपदेश नाही, देवाचं नावसुद्धा नाही, नुसतं दुःख आहे. घरच्यांना त्या दिवशी तेवढंच झेपतं.

मग दोन मिनिटं शांतता, 1919 पासून 11 नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबलं त्या तारखेला, पाळतात तशी. पूर्ण दोन मिनिटं, मागे कीबोर्ड नको, अवघडल्यासारखं झालं तरी चालेल.

शत्रूसाठीही प्रार्थना करा, मत्तय 5:44 इथं टाळून कसं चालेल? पलीकडेही आया आहेत.

खरं काम नंतरचं, याकोब 1:27 मधलं, विधवा आणि अनाथांची काळजी. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कोणी सांगत नाही. पेन्शनच्या कागदांसाठी सोबत जा, मुलांच्या शाळेचं बघा, आणि जवानाचा वाढदिवस अन् मृत्यूची तारीख चर्चच्या कॅलेंडरमध्ये लिहून त्या दिवशी घरी कोण जाणार ते आत्ताच नावानिशी ठरवा.