दारूही आहे आणि डिप्रेशनही: ओपीडीतल्या उपचारांत या चुका टाळा

"आधी दारू सोडून या, मग डिप्रेशनचं बघू," असं एका दारी सांगतात. दुसऱ्या दारी सांगतात, "आधी मन ताळ्यावर येऊ द्या, मग व्यसनाचं." पेशंट या दोन दारांमध्ये खेटे घालतो आणि काही महिन्यांत दोन्हीकडे जायचं सोडतो. एकाच टीमने, एकाच फाइलवर, दोन्ही आजारांवर एकाच वेळी उपचार करावेत हे १९८०च्या दशकापासून सांगितलं जातंय. तरी ही चूक रोज होते.

दोन्ही आजार एकमेकांना पोसतात. संध्याकाळी दारूने चिंता दबते. पहाटे दारू उतरते तेव्हा तीच चिंता दुणावून वर येते आणि झोप मोडते. प्यायलेल्या रात्री गोळी राहून जाते, किंवा 'दारूवर गोळी नको' म्हणून मुद्दाम टाळली जाते. गोळ्या चुकल्या की मन आणखी खचतं, आणि खचलेल्या मनाला लगेच मिळणारा एकच उतारा माहीत असतो.

बायपोलर आजार (यात मन कधी खचतं, कधी उन्मादापर्यंत चढतं) आणि दारू एकत्र असलेल्या पेशंटचं काय होतं ते पाहा. ज्यांनी असे पेशंट हाताळलेत त्यांना यातला एकेक टप्पा ओळखीचा वाटेल. तो आधी व्यसनमुक्तीच्या ओपीडीत येतो. किती पितो, कधीपासून पितो, सगळं नीट लिहून घेतलं जातं. पण 'आठवडाभर तीन तासच झोप, तरी थकवा नाही, डोक्यात भराभर बेत, हातचा पैसा उधळला, असं कधी झालं होतं का?' हे कोणी विचारत नाही. दारू सुटते. दुसऱ्या आठवड्यात तो खचतो, रडतो. मग दुसरीकडे जाऊन नैराश्याची गोळी सुरू होते, सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध नसतं. तीन-चार आठवड्यांत झोप उडते, बोलणं वाढतं. घरच्यांना वाटतं, दारू सुटली म्हणून हुरूप आलाय. प्रत्यक्षात तो उन्मादाच्या दिशेने निघालेला असतो. झोप यावी म्हणून तो पुन्हा पितो, आणि 'नियम मोडला' म्हणून व्यसनमुक्तीच्या गटातून काढला जातो. पुढे तिसऱ्या ठिकाणी मूड स्थिर ठेवणारं लिथियम सुरू होतं, पण दारूचा विषय तिथे निघतच नाही. एका पिण्याच्या फेरीत उलट्या होतात, अंगातलं पाणी कमी होतं, डोकं दुखतं म्हणून तो आयबुप्रोफेन घेतो. या दोन्हींमुळे रक्तातलं लिथियम चढतं. हात थरथरतात, तोल जातो, जीभ अडखळते, आणि सगळे म्हणतात, "पिऊन आलाय." खरं तर ती लिथियमची विषबाधा असते. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचं काम बरोबरच केलेलं असतं. दोन फायली एका टेबलावर कधीच आल्या नाहीत, एवढंच.

यावर आम्ही वापरतो तो उपाय साधा आहे. एक मोठा कागद घ्या, मधोमध आडवी रेघ मारा आणि तिच्यावर वयाचे टप्पे लिहा. रेघेच्या वर दारू, गांजा, गोळ्या, जे असेल ते कधी सुरू झालं, कधी वाढलं, कधी थांबलं हे मांडा. खाली मनाची स्थिती: खचलेले काळ, चढलेले काळ, भास, संशय, आत्महत्येचे प्रयत्न. मग नेमकं विचारा: "सलग महिनाभर काहीच घेतलं नव्हतं असा काळ कधी होता? तेव्हा मन कसं होतं?" जवळच्या माणसाला हेच पेशंटच्या संमतीने, वेगळं बसवून विचारा. या कामाला चाळीस-पन्नास मिनिटं लागतात. नवे लोक ती वाचवायला बघतात आणि पुढची दोन वर्षं घालवतात.

दारू सुटायच्या आधीच 'मेजर डिप्रेशन'चा शिक्का मारणं ही दुसरी घाई. भरपूर पिणाऱ्या माणसाचं खचलेपण बऱ्याचदा दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत खूप ओसरतं. म्हणून पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली; आकडा मोठा तितकं नैराश्य जास्त) पहिल्या भेटीत भरून घ्या आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा भरा. गोळीशिवाय १९ वरून ८ वर आलेला आकडा बरंच सांगतो. महिना होऊनही आकडा हलला नाही, तर तेही सांगतो. मात्र या वाट पाहण्याचा आडोसा करू नका. आत्महत्येचे विचार, भास किंवा पक्का संशय, उन्मादाची लक्षणं, किंवा दारू नसतानाच्या काळात आलेलं जुनं नैराश्य, यांपैकी काहीही असेल तर उपचार आजच सुरू व्हायला हवेत. नववा प्रश्न, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, एकूण बेरजेत बुडवू नका. त्याचं उत्तर 'नाही' सोडून काहीही असेल तर पेशंटला त्याच दिवशी समोर बसवून बोला.

घरच्या घरी एकदम दारू बंद करणं. इथे जीव जातो, म्हणून वेळापत्रक पाठ असू द्या. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, अस्वस्थपणा सुरू होतो. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत असतो. ज्यात माणूस भ्रमिष्ट होतो, ताप चढतो, नाही ते दिसतं, ती डिलिरियमची अवस्था बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान येते. आधी कधी फिट आली असेल, डिलिरियम झालं असेल, गरोदरपण असेल, आत्महत्येचे विचार असतील किंवा घरी रात्री जागं राहणारं माणूस नसेल, तर ओपीडीचा हट्ट धरू नका, दाखल करा. बाकीच्यांना पहिले चार-पाच दिवस रोज बोलवा. विड्रॉलच्या, म्हणजे दारू थांबल्यावर होणाऱ्या या त्रासाच्या, गोळ्या एका वेळी एकाच दिवसाच्या द्या, त्याही नातेवाइकाच्या हाती. थायमिन (जीवनसत्त्व बी-१) विसरू नका, आणि ग्लुकोजची बाटली लावायची असेल तर थायमिन तिच्या आधी. आधीच तुटवडा असलेल्या शरीरात ग्लुकोज गेल्यावर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या चिंतेच्या, झोपेच्या गोळ्या कित्येक महिने घेतल्या असतील, तर त्या अचानक तोडल्यानेही फिट येते. त्या टप्प्याटप्प्यानेच कमी करायच्या असतात, बऱ्याचदा कित्येक आठवडे किंवा महिने लावून.

आता जेवणात गुपचूप डायसल्फिराम (दारू सोडवण्याचं औषध) मिसळण्याविषयी. घरचे हे प्रेमापोटी आणि हतबलतेतून करतात, हे कळतं. तरीही यावर आमची भूमिका ठाम आहे: कधीही नाही.

हे औषध दारूच्या पचनातला एक टप्पा अडवतं. मग दारू पोटात गेली की अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साठतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. तीव्र प्रतिक्रियेत हृदयाची लय बिघडून मृत्यूही होऊ शकतो. शेवटच्या पेगनंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ते सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत प्रतिक्रिया येऊ शकते. खोकल्याचं औषध, माउथवॉश यांतला अल्कोहोलसुद्धा टाळावा लागतो. ज्याला आपण हे औषध घेतोय हेच ठाऊक नाही, तो यातलं काय टाळणार? ते यकृतावरही ताण आणतं, म्हणून सुरुवातीला आणि पुढे ठरावीक काळाने यकृताच्या तपासण्या लागतात. त्या चोरून होत नाहीत.

मानसिक आजार सोबत असेल तर धोका आणखी वाढतो. मेंदूत डोपामिनपासून नॉरअॅड्रेनलिन बनवणारं विकर हे औषध अडवतं, त्यामुळे भास आणि संशय उफाळू शकतात. आता स्किझोफ्रेनिया असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. 'माझ्या ताटात कोणीतरी काहीतरी कालवतंय' हा त्याचा जुना संशय. टीमने महिनोन्‌महिने खपून तो थोडा सैल केलेला. आणि एक दिवस त्याला स्वयंपाकघरात पांढऱ्या गोळ्यांची पट्टी सापडते. त्याचा संशय त्या घटकेला खरा ठरतो. त्यानंतर तो घरचं जेवण नाकारतो, भासांवरच्या गोळ्या नाकारतो आणि टीमचं तोंड बघायलाही तयार होत नाही. हा विश्वास परत मिळवायला जेवढा काळ लागतो, तेवढ्यात उघडपणे केलेला उपचार बराच पुढे गेला असता. डायसल्फिराम उपयोगी आहेच, पण ज्याला ते समजलंय, हवंय, आणि जो रोज समोर बसून घेतो, त्याला. इतरांसाठी दुसरे पर्याय आहेत. नाल्ट्रेक्सोन, साधारणपणे रोज ५० मिलिग्रॅम. पण अंगात अफूजन्य काहीही (हेरॉइन, मॉर्फिन यांसारखं) असेल तर नाही, ७ ते १० दिवस त्यापासून पूर्ण दूर राहिल्यावरच, नाहीतर विड्रॉल एकदम भडकतो. आणि अॅकॅम्प्रोसेट, ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहावं लागतं.

परत प्यायला म्हणून हाकलणं. मधुमेहीची साखर वाढली तर त्याला कोणी बाहेर काढत नाही. परत पिणं ही माहिती आहे: कोणत्या दिवशी, किती वाजता, त्याआधीच्या दोन दिवसांत झोप किती होती, कोणती गोळी चुकली होती? हे चार प्रश्न विचारा, फाइलमध्ये लिहा आणि त्याच आठवड्यात भेटी वाढवा. अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हाकलणं घातक आहे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुन्याच मापाने घेतलेला डोस श्वास थांबवतो. अफूजन्य पदार्थांचा असर उतरवणारं नालोक्सोन कसं आणि कधी वापरायचं हे घरच्यांना आधीच शिकवून ठेवा.

काही गोष्टी थोडक्यात.

झोपेसाठी महिनोन्‌महिने झोल्पिडेम किंवा अल्प्राझोलाम लिहून देऊ नका, त्यातून तिसरा आजार तयार होतो. दारू सुटल्यावर झोप बसायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगा.

दारू किंवा झोपेच्या गोळ्या नुकत्याच एकदम थांबलेल्या माणसाला नैराश्यावरचं बुप्रोपिऑन नको, फिटचा धोका.

क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) घेणाऱ्याने सिगारेट सोडली तर आनंद माना आणि लगेच डोस तपासा. धुरातल्या घटकांमुळे हे औषध लवकर विघटित होत असतं. धूर थांबला की आठवडाभरातच रक्तातली पातळी बरीच चढू शकते. निकोटिनच्या च्युइंगमने हा फरक भरून निघत नाही, कारण तो निकोटिनचा नसून धुराचा असतो. ओलान्झापिन या भासांवरच्या दुसऱ्या औषधाचंही तेच, थोड्या कमी प्रमाणात.

लघवीच्या झटपट चाचणीवरून कोणाला खोटं ठरवू नका. रोज गांजा ओढणाऱ्याची चाचणी बंद केल्यानंतर महिनाभरही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि काही साध्या औषधांनी चुकीचा पॉझिटिव्ह येतो. वाद असेल तर नमुना खात्रीच्या तपासणीला पाठवा.

मदतगटातल्या कोणी "गोळ्या म्हणजेही व्यसनच" असं सांगितलं, तर पेशंट दुसऱ्याच दिवशी गोळ्या फेकतो. हे घडण्याआधीच त्याच्याशी बोलून ठेवा.

'दारूवर गोळी नको' याचाही घोळ मिटवून टाका. भासांवरच्या आणि मूडच्या गोळ्या बहुतेक वेळा चालूच ठेवायच्या असतात. झोपेच्या, गुंगीच्या गोळ्या मात्र दारूसोबत अजिबात नाहीत. आपली कोणती गोळी कोणत्या गटातली, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि औषधांच्या डब्याला चिकटवा.

नव्या समुपदेशकांची एक सवय मात्र फार नडते. पेशंट अजून 'येऊ की नको' असा विचार करत असतो आणि हे पहिल्या भेटीतच शपथ घ्यायला लावतात. या उपचारांचे चार टप्पे १९८९ सालीच मांडले गेलेत: आधी नातं जुळवणं, मग मन वळवणं, मग प्रत्यक्ष उपचार, मग घसरण रोखणं. पहिल्या टप्प्यातल्या माणसाला तिसऱ्या टप्प्याचं काम दिलं तर तो पुढच्या वेळी येत नाही. पहिल्या महिन्यात तो येत राहिला, प्यायलेल्या दिवसाबद्दलही खरं बोलला, तर तो महिना चांगला गेला. भेट चुकली तर २४ तासांत फोन करा, आणि फोनवर "का नाही आलात?" याऐवजी "बरे आहात ना?" असं विचारा. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं भेटून ज्याचं भागत नाही, त्याला आठवड्याला किमान नऊ तासांचा कार्यक्रम लागतो, बहुधा तीन दिवस, दर दिवशी तीन तास. तेवढी सोय न करता 'पेशंटच सहकार्य करत नाही' असा शेरा फाइलमध्ये मारू नका.

बरं वाटू लागल्यावर सगळंच एका महिन्यात बंद करू नका. नैराश्याची गोळी लक्षणं गेल्यानंतरही किमान सहा महिने चालू ठेवतात. बायपोलर आणि स्किझोफ्रेनियाची औषधं त्याहून बरीच लांब चालतात. एका वेळी एकच औषध, हळूहळू, आणि दोन बदलांमध्ये काही आठवड्यांचं अंतर.

पहिल्या भेटीला येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत भरून आणा, संपलेल्या, अर्धवट सोडलेल्या, शेजाऱ्यांनी दिलेल्या, सगळ्या. सोबत जुन्या फायली आणि एक कागद: गेल्या सात दिवसांत रोज किती वाजता काय घेतलं, किती घेतलं आणि किती तास झोपलात. आकडे कमी करून लिहू नका. विड्रॉलच्या गोळ्यांचा डोस याच आकड्यांवरून ठरतो, आणि निम्मं सांगितलं तर गोळ्याही अपुऱ्या पडतात.