मार्जिन आणि मार्कअप: भाव ठरवताना या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की इंदुरात रामबाग, राजेंद्रनगरकडच्या मराठी घरांमधून चकली-चिवड्याच्या ऑर्डरी सुरू होतात. सियागंजातून किराणा येतो, घरातले सगळे राबतात. एवढ्या कष्टांचे पैसे नुसत्या हिशेबाच्या घोळात जावेत, याचं फार वाईट वाटतं. घोळ होतो तो बहुतेक वेळा मार्जिन आणि मार्कअप एकच समजल्यामुळे.

समजा, चकलीचं पाकीट तुम्हाला १२० रुपयांना पडतं. त्यावर २५ टक्के चढवून तुम्ही भाव ठेवला १५०. नफा ३० रुपये. हा ३० चा आकडा १२० च्या, म्हणजे खर्चाच्या २५ टक्के आहे, तो मार्कअप. मार्जिन मात्र विक्रीच्या भावावर काढतात. १५० वर ३० म्हणजे २० टक्केच.

खरी गडबड दुकानात माल ठेवताना होते. दुकानदार म्हणतो, "पंचवीस टक्के मार्जिन द्या." आपल्याला वाटतं, चढवलेत तेवढेच मागतोय, फार तर नफा शून्य. पण तो १५० वर मोजतो. ३७.५० रुपये कापून तुमच्या हातात ११२.५० ठेवतो. पाकिटामागे साडेसात रुपयांचा तोटा, आणि माल जितका खपेल तितका तो वाढणार! तुम्हाला १५० हवेच असतील, तर १५० ला ०.७५ ने भागा, कारण दुकानदाराचे २५ टक्के गेल्यावर छापील किमतीचे ७५ टक्केच तुमच्या हातात येतात. पाकिटावर २०० रुपये छापावे लागतील. इथे बरेच जण १५० वर २५ टक्के चढवून १८७.५० छापतात, तेही चूकच. म्हणून बोलणी करताना आधी विचारा, "टक्के छापील किमतीवर की खरेदीवर?"

सवलतीचंही तसंच. २५ टक्के मार्कअप लावलेल्या मालावर २० टक्के सूट दिली की नफा संपला. १५० मधून ३० गेले, उरले १२०.

एक्सेलमध्ये भाव काढत असाल तर सूत्र तपासा. २५ टक्के मार्जिनसाठी खर्च १.२५ ने गुणायचा नसतो, ०.७५ ने भागायचा असतो. १२० चे १६० होतात. आणि मार्जिनच्या रकान्यात १०० टक्के किंवा त्याहून मोठा आकडा दिसला, तर तिथे नक्की मार्कअप भरलाय.

जीएसटी भरत असाल तर कर आधी बाजूला काढा. ५ टक्के करासह २१० ला विकलेल्या पाकिटातले १० रुपये सरकारचे; मार्जिन उरलेल्या २०० वर मोजा.