अँग्रच्या ‘बेर्तँ’ची प्रतिकृती करून तैलरंगातील व्यक्तिचित्र शिकणे

तैलरंगात चेहरा रंगवायला शिकणाऱ्याने नव-अभिजातवादी, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणाऱ्या शैलीतील, चित्राची प्रतिकृती करायची ठरवली, तर फ्रेंच चित्रकार झाक-लुई दाविदचा शिष्य अँग्र याने १८३२ साली रंगवलेले वृत्तपत्रमालक लुई-फ्रान्स्वा बेर्तँ यांचे व्यक्तिचित्र निवडावे, असे मी सुचवेन. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील हे चित्र सुमारे ११६ बाय ९५ सेंटिमीटरचे आहे आणि त्यातील रंगसंगती तपकिरी, काळा, पांढरा व त्वचेचे रंग एवढ्यांतच सामावते, त्यामुळे शिकणाऱ्याचे लक्ष रंगांच्या झगमगाटात विखुरत नाही. संपूर्ण चित्राचा हट्ट मात्र धरू नये; डोके, गळपट्टा आणि खांद्यांचा थोडा भाग एवढेच ४० बाय ५० सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर घ्यावे. खुर्चीच्या हातावर उमटलेले खिडकीचे प्रतिबिंब मोहात पाडते, पण ते पुढच्या खेपेसाठी राहू द्यावे.

एकूण वेळेपैकी निम्मा वेळ रेखांकनाला द्यावा, कारण अँग्रच्या चित्रातील घडण मुळात रेषेवर उभी असते. मोठ्या आकाराच्या, स्पष्ट छायाचित्रावरून कॅनव्हासच्या मापाच्या कागदावर चारकोलने डोके काढावे. आधी बाह्यरेषा, मग सावलीची कड आणि शेवटी डोळे. बेर्तँच्या चेहऱ्याच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत. भुवया आणि ओठांची टोके दोन्हीकडे वेगळी वागतात, आणि नवशिक्याचा हात नकळत त्यांना समान करून टाकतो, म्हणून रेखांकन आरशात आणि उलटे धरून वारंवार तपासावे. ते पटल्यावर कागदाच्या मागे चारकोल घासून रेषा कॅनव्हासवर गिरवाव्यात.

त्यानंतर रॉ अंबर आणि पांढरा एवढ्या दोनच रंगांत अंडरपेंटिंग, म्हणजे खऱ्या रंगांखालचा छाया-प्रकाशाचा पहिला थर, करावे. प्रकाशापासून सावलीपर्यंत पाच छटा आधीच पॅलेटवर कालवून ठेवल्या, तर जागोजागी नव्याने अंदाज बांधावा लागत नाही. हा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला असावा आणि पूर्ण वाळू द्यावा. आपल्याकडे पावसाळ्यात त्याला अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागले तर नवल नाही.

खरी कसोटी पुढे, त्वचेच्या रंगात लागते. नव-अभिजातवादी चित्राचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून शिकणारे मऊ ब्रशने सगळे घोटत बसतात आणि हाडांचा चेहरा मेणाचा होऊन जातो. वास्तविक तो गुळगुळीतपणा मध्यछटांच्या अचूकपणातून येतो: प्रकाश आणि सावली यांच्यामध्ये तीन-चार लगतच्या छटा शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि फक्त त्यांच्या कडा कोरड्या ब्रशने हलकेच जोडाव्यात. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, अलिझरिन, रॉ अंबर आणि आयव्हरी ब्लॅक एवढे सहा रंग पुरतात. काळा आणि पांढरा यांचा करडा रंग ऊबदार त्वचेशेजारी निळसर भासतो, म्हणून कपाळाच्या कडेच्या आणि जबड्याखालच्या थंड छटांसाठी वेगळा निळा लागत नाही. गालापूर्वी पार्श्वभूमीचा तपकिरी, कोटाचा गडद रंग आणि सदऱ्याचा पांढरा लावून घ्यावा, कारण कोऱ्या कॅनव्हासच्या शेजारी कोणतीही त्वचा आहे त्यापेक्षा काळवंडलेली दिसते आणि मग आपण ती विनाकारण उजळत जातो.

वरच्या थरांत जवसाच्या तेलाचे प्रमाण खालच्यापेक्षा थोडे वाढवत न्यावे. याउलट केल्यास पुढे रंगाला भेगा पडू शकतात. केस शेवटी, मोठ्या गुच्छांत रंगवावेत आणि मोजके केसच सुटे काढावेत. व्हार्निशची घाई करू नये, त्यासाठी सहा महिने ते वर्षभर थांबावे. अँग्रने वरच्या कोपऱ्यात लिहिलेली सही मात्र उतरवू नये. कॅनव्हासच्या मागे आपले नाव, तारीख आणि ही अँग्रच्या चित्राची प्रतिकृती असल्याची नोंद करावी.