विंडसर खुर्ची शिकताना: ट्रॅव्हिशर घरी घडवण्याचा अनुभव

ट्रॅव्हिशर म्हणजे दोन मुठींचा, बाकदार पात्याचा छोटा रंधा. तो तयार विकत मिळतो. तरी खुर्ची शिकणाऱ्याने निदान एक तरी स्वतः घडवावा, असं मी आग्रहाने सांगेन. इंग्लंडात विंडसर खुर्ची (जाड लाकडी बैठकीत पाय भोकं पाडून बसवतात ती) शिकायला लागलो तेव्हा माझं सगळं लक्ष पात्यावर होतं. रंध्याच्या तळाकडे मी बघितलंच नाही.

बैठकीचा खोलगट भाग आधी वाकसाने तासायचा, मग ट्रॅव्हिशरने साफ करायचा. एकोणिसाव्या शतकात हाय विकम या खुर्च्यांसाठी प्रसिद्ध इंग्लिश गावात वाकस चालवणाऱ्याला ‘बॉटमर’ म्हणत. फळी पायांखाली दाबून तो उभ्यानेच तासायचा. फळी एल्म या झाडाची असे, कारण त्या लाकडाच्या नसा एकमेकींत गुंतलेल्या असतात, पायांसाठी भोकं पाडली तरी ते सहसा फाटत नाही.

पातं मी ओ-वन पोलादाच्या (तेलात बुडवून कडक होणाऱ्या) ३ मिमी पट्टीचं केलं. तापवून ११ सेंमी त्रिज्येचा बाक दिला. बैठकीतली सर्वांत खोल जागा याहून पसरट हवी, नाहीतर पातं तिथे पोचतच नाही. मग कडक करायला पुन्हा लाल केलं. चुंबक चिकटेनासं झालं की अजून थोडं तापवून तेलात बुडवायचं. मी पहिलं पातं आडवं बुडवलं आणि ते पिळलं. दुसरं उभं बुडवलं, मग ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सियसवर तासभर ठेवलं. चकचकीत केलेल्या जागी फिकट सोनेरी रंग आला.

धार उत्तम लागली, पण पहिल्याच फिरवणीत बैठकीवर दोन समांतर चरे उठले. पात्याची दोन्ही टोकं तळाबाहेर आलेली होती. पातं मधोमध कागदाएवढंच बाहेर हवं आणि टोकांकडे तळात विरून जायला हवं. म्हणजे तळाचा बाक पात्यापेक्षा किंचित पसरट पाहिजे. कानशीने तळाचा मधला फुगवटा उतरवला, पातं थोडं आत बसवलं, उजेडाकडे धरून पाहिलं, पुन्हा घासलं. या खटपटीत दोन संध्याकाळी गेल्या. मग पातळ, सलग ढलपी निघाली आणि चरे थांबले.

हात नेहमी बैठकीच्या काठाकडून खोल भागाकडे चालवा. खोलीतून वर चढलात की नस उचकटते.

धारेसाठी गोल दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळा, ४०० पासून २००० नंबरपर्यंत. आतली बाजू दांड्यावर, बाहेरची सपाट दगडावर, पातं हळूहळू लोळवत. बुर (धारेवर उरलेली बारीक खरखरीत कड) अंगठ्याला लागेनाशी झाली की थांबा.