ठाण्याहून दुबईला निघताना: आधी घड्याळ, मग बॅगा

तिकीट हातात आलं की आधी वेळा नीट समजून घ्या. मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. जायला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. पण तिकिटावर पहाटे ४ ला निघून पावणेसहाला पोचायचं लिहिलेलं पाहून आई म्हणाली, "पावणेदोन तासच? एवढ्यात तर पुणंसुद्धा येत नाही!" दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तो दीड तास मिळवला की हिशोब जुळतो.

परतीला पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून पावणेतीन तासांतही येता येतं. मात्र तारीख उलटते. शनिवारी रात्री १० ला सुटलेलं विमान इथे रविवारी पहाटे सव्वादोनला उतरतं. मागच्या खेपेला मी भावाला "रविवारी रात्री सव्वादोन" असं सांगितलं. तो शनिवारी रात्री निवांत झोपला आणि आई दोन तास बॅगांवर हात ठेवून बाहेर बसून राहिली. आता मी "शनिवारचं जेवण झालं की निघ" असं लिहून देते.

विमान कुठून सुटतं तेही वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. बीओएम म्हणजे सहारचा विमानतळ, एनएमआय म्हणजे उलव्याचा. कॅबवाल्याला नुसतं "एअरपोर्ट" म्हणू नका.

मग उलटं मोजत या. सहारहून ४ चं विमान असेल तर १ ला तिथे हजर, म्हणजे घोडबंदरहून साडेअकराला गाडी दारात हवी. रात्री रस्ता मोकळा मिळेल असं धरू नका. अवजड ट्रक त्याच वेळी धावतात. जेवण साडेनऊला उरका.

पासपोर्टची मुदत सहा महिने तरी उरलेली हवी, व्हिसाची छापील प्रत जवळ ठेवा, पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

खाऊच्या डब्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. तिकडे खसखशीवर बंदी आहे, पकडले गेलात तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. आईने ताईसाठी अनारसे केले होते, खसखशीवर थापलेले. डबा उघडून पाहिला आणि तो इथेच ठेवला. घरच्या कांदा-लसूण मसाल्यातही बरेचदा खसखस असते. चिवडा, शंकरपाळे बिनघोर न्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल तिकडच्या परवानगीशिवाय नेऊ नका. बाकीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात.

उतरल्यावर मोबाइल आपोआप दुबईची वेळ दाखवतो. आईच्या मनगटावरचं घड्याळ मी मुद्दाम भारताच्याच वेळेवर ठेवलं. तिची बीपीची गोळी सकाळी ८ ची, म्हणजे तिकडे साडेसहाची.