घरशाळेचा महिना ऋतूप्रमाणे आखताय? या चुका टाळा

आमची दोन लेकरं, 9 आणि 12 वर्षांची, घरीच शिकतात. गाव लातूरजवळचं, घर पत्र्याचं. सुरुवातीला आम्ही शाळेचंच वेळापत्रक भिंतीला चिकटवलं होतं, अकरा ते पाच. एप्रिलात पारा चाळिशीपार गेला की भरदुपारी पत्र्याखाली लेकरू बसणार कसं? आता उन्हाळ्यात गणित-वाचन पहाटे साडेपाचला, दुपारी गोष्टी आणि झोप. रात्री अंगणात बाज टाकून आकाश. सप्तर्षीवरून ध्रुव शोधायचा आणि हात लांब करून मुठीनं त्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची. एक मूठ साधारण 10 अंश. ध्रुव दोन मुठींच्या जरा खाली भरतो, कारण ध्रुवाची उंची साधारण गावाच्या अक्षांशाइतकी असते, आणि लातूरचा अक्षांश 18 च्या वर आहे.

येळवशीला, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येला, दुसरी चूक झाली. शेतातल्या कोपीजवळ भज्जी-आंबील खाऊन लेकरं घरी आली, आणि त्याच संध्याकाळी मी निबंध लिहायला बसवलं. दोघांचीही तोंडं उतरली. सण सण राहू द्या. आठ दिवसांनी आजीजवळ बसून आंबिलीचं माप लिहून घेतलं, तेव्हा दोन पानं आपसूक भरली.

कागदपत्रांची हयगय नको. जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (NIOS) दहावीला प्रवेश घ्यायला वय 14 पूर्ण लागतं.

पावसाळ्यात मात्र एका महिन्याला एकच विषय धरा. आम्ही पाऊस मोजायचा ठरवला आणि अंगणात बादली ठेवली. पट्टी लावली तर 40 मिलिमीटर! शेजारच्या सरळ कडांच्या डब्यात 22. बादली वर रुंद, खाली अरुंद. पाणी झेलते रुंद तोंडानं, साठवते अरुंद बुडात, म्हणून आकडा फुगतो. डबा सरळच घ्या, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब ठेवा, कडेला दगड लावा, रोज सकाळी साडेआठला मोजा.

1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर म्हणजे 1 लिटर. आमचा पत्रा 20 चौरस मीटर, पाऊस 22 मिलिमीटर, म्हणजे 440 लिटर. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत सुमारे 5 लाख लिटर. थोरल्यानं भागाकार केला: आमच्यासारख्या जवळपास साडेअकराशे पत्र्यांवरचा एका रात्रीचा पाऊस. त्यानंतर पन्हाळीखाली ड्रम ठेवायला त्याला सांगावं लागलं नाही.

आणि कोरड्या दिवसाची नोंद सोडू नका. आम्ही जूनमध्ये सोडली, मग पाऊस पडला नव्हता की मोजायचा राहिला, तेच कळेना. शून्य लिहायचं. ऑगस्टात पावसानं खंड दिला तेव्हा धाकटीनं एकाखाली एक 19 शून्यं लिहिली, आणि विसाव्या दिवशी सोयाबीनचं गळलेलं फूल त्याच पानावर चिकटवलं.